गुंडीचं स्टूल आणि मी

मित्रांनो, मला उंच पाठ आहे, दोन्ही बाजूंना भक्कम हात आहेत आणि पुढे एक फळी आहे. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, पण कुणाही ऐऱ्यागैऱ्याने येऊन टेकावं अशी नाही. मला सुतारमामाने खास आपल्या भाचीसाठी, गुंडीसाठी, बनवलं.

गुंडीची वाढ उशिरा होत होती. तिच्या वयाची मुलं घरभर पळायची, तेव्हा ती उशीला टेकवली तरी कलंडायची. माझ्यात बसून तिने पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जेवण केलं. तेव्हापासून मी तिला माझीच समजू लागले. आईने तिला कडेवर घेतलं, तरी माझ्या पोटात दुखायचं.

मग बाबांची बदली झाली. घर हलवण्याआधी नव्या शहरातली थेरपी केंद्रं पाहून यायचं ठरलं, कारण मध्ये खंड पडला तर कमावलेलं हातचं जाईल, असं जुन्या डॉक्टरांनी बजावलं होतं. गुंडीला बसवायला मी हवीच, म्हणून मलाही गाडीच्या डिकीत घातलं.

पहिलं केंद्र प्रशस्त होतं. तिथल्या रंगीत, चाकांच्या खुर्च्या पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुंडी त्यांतल्या एकीत बसली आणि चक्क हसली! बाबा खूश झाले. आईने विचारलं, थेरपी चालू असताना आम्ही कुठे बसायचं? काचेबाहेर, असं उत्तर आलं. शिवाय जागा मिळायला काही महिने थांबावं लागणार होतं. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

दुसरं केंद्र म्हणजे एका दुकानावरच्या दोन खोल्या. तिथल्या थेरपिस्ट ताईंनी आईबाबांनाही आपल्याबरोबर सतरंजीवर बसवलं आणि माझ्यात बसलेल्या गुंडीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मी ऐटीत होते.

"खुर्ची फार मनापासून केलीय," त्या म्हणाल्या. "पण आता बसायचं काम खुर्चीच करते. गुंडीच्या पाठीला काही करूच देत नाही."

त्यांनी एक स्टूल पुढे ओढलं. ना पाठ, ना हात, नुसते चार पाय! त्यावर गुंडीला बसवून त्यांनी तिची कंबर कशी धरायची ते आईला दाखवलं. मग आईला एक हात सोडायला लावला, नंतर दुसरा. गुंडी डुलली. बाबा धरायला धावले, पण ताईंनी त्यांना थांबवलं. गुंडी सावरली आणि एकटी बसून राहिली. मी कोपऱ्यात जळत होते. लाकूडच मी, जळायला कितीसा वेळ!

जिना उतरताना बाबा म्हणाले, "ते मोठं केंद्र सोडून इथे यायचं?"

"तिथे आपण काचेबाहेर होतो," आई म्हणाली. "इथे माझे हात शिकले."

 बाबा पुन्हा वर जाऊन कधीपासून यायचं ते विचारून आले.

नव्या घरी मी बाल्कनीत, फरशी पुसायच्या फडक्यांखाली पडले. आत गुंडीसाठी स्टूल आलं आणि तेही मामानेच बनवलेलं! सवत परकी असती तर सोसलं असतं, ही तर माझी सख्खी बहीण.

शेवटी ताईंनी मला केंद्रासाठी मागून घेतलं. आता माझ्यात एक चिमुकला बसतो. तो अजून मान धरत नाही.

एके दिवशी गुंडी भिंतीला धरून, स्वतःच्या पायांनी आत आली. माझ्यात दुसरंच बाळ पाहून तिचे गाल फुगले. चार शब्दसुद्धा न बोलणारी ती पोर माझ्या फळीवर हात ठेवून म्हणाली, "माझी."

आई ताईंना बोलवायला धावली. आणि मी? जन्मभर मी तिच्यासाठी जळले, त्या दिवशी ती माझ्यासाठी जळली!

मित्रांनो, घरातली अशी काम सरलेली खुर्ची अडगळीत टाकू नका. तिची वाट पाहणारं कुणीतरी बाळ असतंच. आणि उशिरा उभं राहणाऱ्याला हात जरूर द्या, पण तो वेळेवर सोडायलाही शिका. हे मला त्या स्टुलाने शिकवलं.

त्याला मात्र हे सांगू नका.