कंबरेचं माप

"कपडे दुरुस्तीला देताना घ्यायची काळजी." हा तिचा पहिला लेख. वाचक दोन. एक नणंद आणि दुसरा नणंदेचा नवरा, तोही बायकोनं डोळे वटारले म्हणून.

ती शिंपीण. नवं काही शिवत नाही. शिवलेलं उसवून आखूड, सैल, घट्ट करून देते. इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी बोलणं नणंदेकडे. दुकान एका खोलीचं, पडद्यामागे आरसा. ब्लॉगचं खूळ नणंदेनंच डोक्यात घातलं आणि मग तीच टोमणे मारायला मोकळी झाली.

"वहिनी, झिपची माहिती कोण वाचतं? झिप घेऊन येतो तो माणूस लिही."

माणूस लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला. नाजूक, हळवं, मनाला भिडणारं असं सगळं उसवून काढलं, तरी वाक्य उभं राहिलं. वाचक वाढले. बसमध्ये एक अनोळखी बाई तिचंच वाक्य शेजारणीला वाचून दाखवत होती. ऐकता ऐकता हिचा थांबा मागे गेला.

मग कितीही वाचक आले तरी पुरेना. कणीक मळताना फोन, दात घासताना फोन. आकडा चढला की आनंद टिकत नव्हता आणि थांबला की जीव थाऱ्यावर राहत नव्हता.

तेव्हा तिनं कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यावर लिहिलं.

तो पँटी घेऊन यायचा. कंबर आत घ्या म्हणायचा. काही आठवड्यांनी त्याच पँटी, पुन्हा आत घ्या. आणि टेप लावली की पोट फुगवून उभा राहायचा. किती वाळलाय ते तिला कळू नये म्हणून. घरी बोलू नका, असं काही तो म्हणाला नव्हता. म्हणायची गरजच त्याला वाटली नसावी.

लेखात त्याचा कारकून केला. वय वाढवलं. पँटींचा रंग बदलला. पोट फुगवणंही काढून टाकलं. वाचून पाहिलं तर लेख मेलेला. परत घातलं.

आणि तोच लेख हातोहात फिरला.

पुढे काय झालं, लोक विचारू लागले. कारकून आजारी आहे का? बायकोला सांगितलं का त्यानं? एकानं औषधही सुचवलं. नणंद म्हणाली, घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं; दुकानातली कामं पडलीत आणि ही कारकुनाला काढे पाजतेय.

चष्मेवाल्याची बायको आली तेव्हा तिच्या हातात एकही कपडा नव्हता.

ती शाळेत शिकवते. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी तो लेख मोठ्यानं वाचला होता. घरीही ती समोर आली की नवरा तसाच पोट फुगवून उभा राहतो. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिनं फक्त विचारलं, किती कमी झालंय, कधीपासून. शिंपिणीनं खरं ते सांगितलं. मग लेख आत्ता काढून टाकते म्हणाली, फोन हातात घेतलाही.

"काढू नका," बाई म्हणाली. "तेही वाचतात. काढलात तर मला कळलंय हे त्यांना कळेल. त्यांनी आपणहून सांगावं. मी थांबलेय."

लेख राहिला. वाचक येत राहिले. तो आकडा बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना.

"कारकुनाची बायको –"

खोडलं.

"एक बाई रिकाम्या हातानं दुकानात –"

खोडलं.

"झिप का अडकते?"

हा टाकला. वाचक खवळले. इतकी चांगली लिहिणारी बाई, हिला झालंय तरी काय? नणंद म्हणाली, बरोबर आहे त्यांचं.

मग तो आला. पडद्यामागे उभा राहिला. तिनं टेप लावली, त्यानं पोट फुगवलं. माप घेऊन झालं तरी तो हलला नाही. तुमचं वाचतो म्हणाला; तो कारकून आवडला म्हणाला. आरशात बघत, सहज विचारावं तसं विचारलं,

"त्याच्या बायकोला कळलंय का हो, ताई?"

पलीकडे इस्त्रीचा आवाज थांबला.

हो म्हणावं तर बाईचा विश्वासघात. नाही म्हणावं तर हा असाच वाळत जाणार. गोष्ट आहे हो ती, मनानं रचलेली, असंही म्हणता आलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही.

"तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचंय," ती म्हणाली.

 त्यानं श्वास सोडला. पँट तशीच पिशवीत कोंबली.

"मग पुढचं तुम्ही लिहू नका," तो म्हणाला. रागानं नाही, खिसा नको म्हणावं तसं.

काचेतून दोघी बघत राहिल्या. तो आपल्या चष्म्यांच्या दुकानासमोर थांबला, किल्ली चाचपली, आणि कुलूप न उघडताच शाळेच्या रस्त्याला लागला.

फोनवर कुणीतरी नव्यानं विचारलं होतं, पुढे काय?

"पुढचं मी सांगणार नाही," तिनं लिहिलं. नणंद खांद्यावरून वाचत होती. असं तोंडावर सांगितलंस तर उद्या वाचायला कोण येणार, तिनं विचारलं.

शिंपिणीनं उत्तर पाठवलं. आणि लगेच आकडा बघितला.