मोटर जळू नये म्हणून

धर्मेंद्रने फ्लॉपी बाहेर काढली, तिची पत्र्याची झडप नखाने सरकवून आत फुंकर घातली आणि ती पुन्हा खाचेत ढकलली. जुना संगणक खरवडल्यासारखा कण्हला. पडद्यावर तीच ओळ उमटली: वाचता येत नाही.

“परत तेच का रे?” स्टोव्हपाशी बसलेल्या शोभाबाईने विचारले.

“हाई फ्लॉपीच खराब शे, माय. योगेंद्रकडथून दुसरी भरी लई येस.”

लिनक्स हे संगणक चालवणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते, हे खरे. परंतु त्याचे गुणगान करणाऱ्यांपैकी कुणीही जुन्या यंत्राच्या हट्टाविषयी अवाक्षर काढले नव्हते. या यंत्राला सीडीची खाचच नव्हती. म्हणून मित्र योगेंद्रने उधन्याच्या आपल्या संगणक-क्लासमध्ये ती सीडी तुकड्यातुकड्यांनी फ्लॉप्यांवर उतरवून दिली होती, आणि सायंकाळी त्या परत हव्यात म्हणून बजावले होते. “फुकटना जावाई, नखरा भारी!” असे वर हसून म्हणाला होता.

यंत्र कडोदऱ्याच्या कापड-कारखान्यातले, शेठच्या कचेरीत निकामी पडलेले. ते बिनखर्चात चालते करून दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आणले, तर धर्मेंद्रला कचेरीत खुर्ची. नाही तर बापाच्या, सुकलालच्या, जागी यंत्रमागावर. “धरमनी गायना दांत न जोवाय,” दानातल्या गाईचे दात पाहू नयेत, असे आपल्या गुजरातीत म्हणून शेठने ते त्याच्या हवाली केले होते. सुकलालच्या डोळ्यांना तुटलेला धागा आता दिसत नसे, आणि मुकादमाने ते हेरले होते. नवागामची ही खोली मागावरच्या कामाबरोबर मिळालेली. मागावर घरातले माणूस उभे असेल तोवरच ती त्यांची. कचेरीतल्या माणसाला खोली नव्हती. पगारातून भाड्याची घेऊ, असे धर्मेंद्र म्हणाला, तेव्हा सुकलालने फक्त छताकडे पाहिले होते.

निम्म्याहून अधिक काम यंत्रात उतरले होते. पडदा पुढच्या फ्लॉपीची वाट पाहत उजळत राहिला. मागांच्या खडखडाटाने बधिर झालेल्या बापाच्या कानाशी धर्मेंद्र वाकला.

“आबा, हाऊ बंद करानं नही. बंद व्हयना तर सगळं वाया जाई.”

सुकलालने मान हलवली.

धर्मेंद्र सायकलवरून परतला, तेव्हा पडदा काळा होता. त्याने काही विचारण्यापूर्वीच शोभाबाई घाईने बोलू लागली.

“घरघर करे, पन हाले ना डुले. मोटर जळी जाई म्हनीसन त्यासनी बटन बंद करं.”

धर्मेंद्रने कळ दाबली. बराच वेळ आत काहीतरी टकटकत राहिले. मग पडद्याने जाहीर केले की, आत हार्ड डिस्कच नाही. त्याने तारा काढून पुन्हा बसवल्या. उत्तर बदलले नाही; सकाळपर्यंत हे यंत्र चालू होणे नव्हते.

माग अडला आणि मोटर नुसती गुणगुणत राहिली, तर कारागीर आधी खटका पाडतो. क्षणभर उशीर झाला तरी मोटर जळते. आयुष्यभर तेच केलेल्या हाताकडून दुसरे काय होणार होते? दोष आपलाच, असे धर्मेंद्रने स्वतःला समजावले. तरीही तो बापाच्या खाटेशी जाऊन बसला.

“आबा, मी सांगीसन गयथू. ऐकू नही उनं का तुम्हले?”

त्या प्रश्नात रागापेक्षा विनवणीच अधिक होती.

“कोठून ऐकू येई त्यासले!” शोभाबाई म्हणाली.

सुकलालने पाय खाली सोडले. चपला पायांनी चाचपल्या, पण त्या घातल्या नाहीत.

“ऐकू उनं व्हतं,” तो खोलीच्या छताकडे पाहत म्हणाला.

स्टोव्हवरची भाजी करपू लागली होती. शोभाबाईने ती उतरवली नाही. धर्मेंद्रने फ्लॉप्या एकेक करून पिशवीत भरल्या; खराब निघालेलीही त्यांतच टाकली.

“सकाळनी पाळी शे,” सुकलाल म्हणाला. “पह्यले मी ऱ्हासू तुना बाजूले उभा. धागा तुटना का सांगसू.”

“दिसी का तुम्हले?” धर्मेंद्रने विचारले.

शोभाबाईने ताटे वाढली, आणि तिघेही जेवायला बसले.