सासोलला माती नाही

अन्सेल्मो गेला तो गवत उतरवताना. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर रचून ठेवलेलं गवत हिवाळ्यात घसरगाडीवर बांधून वाडीत आणायचं, हे त्याचं दरवर्षीचं काम. गाडीच्या पुढे उभं राहायचं, टाचा बर्फात रोवायच्या आणि सगळा भार पाठीवर तोलत उतरायचं. त्या सकाळी बर्फाची वरची साय गोठून काचेसारखी झाली होती. टाचा रुतल्याच नाहीत. त्याची बायको देल्फिना अंगणात लाकडं गोळा करत होती. तिला एवढंच दिसलं की गाडी भलत्याच वेगाने येते आहे आणि पुढे माणूस नाही.

ती धापा टाकत वर पोचली, तेव्हा तिच्याआधी तिथे तिचा दीर येऊन उभा होता. रेमिजो. हिवाळ्यात त्यांच्या वाडीत, सासोलमध्ये, दोनच धुराडी धुमसायची, एक यांचं आणि एक त्याचं. बाकीची घरं एकेक करून खाली गेली होती. कुणी खालच्या गावात, प्राविएराला, तर कुणी पार तोरिनो शहरातल्या कारखान्यांत. रेमिजोने गुडघ्यावर बसून भावाच्या तोंडावरचं बर्फ हाताने पुसलं. मग दोघांनी मिळून अन्सेल्मोला वाटेत रुतून थांबलेल्या त्याच गाडीवर, त्याच गवतावर निजवलं आणि खाली आणलं.

आता त्याला ठेवायचं कुठे?

सासोलला माती नाही. हातभर खणलं की कातळ लागतो, म्हणून वाडीतलं मढं नेहमी प्राविएराला न्यायचं, चर्चमागच्या दफनभूमीत. खालचे लोक यावरून चिडवायचे. त्यांच्या दरीत हिवाळाभर सूर्य डोकावत नाही, त्याचा सूड म्हणून म्हणायचे, "ऊन खा तिकडे मजेत, शेवटी येणार आमच्याच सावलीत!" पण प्राविएराची वाट घळीतून जाते, आणि घळ हिमलोटांनी भरली होती. मढं घेऊन त्यातून उतरायचं तर चार नव्हे, आठ माणसं हवीत. म्हणजे वाट मोकळी होईपर्यंत थांबणं आलं. देल्फिनाचं घर गोठ्याच्या वर, गुरांच्या उबेत. छपरावरच्या बर्फात ठेवावं तर उतारावरून कोल्हे यायचे.

"वहिनी," रेमिजो म्हणाला, "माझ्या दगडी कोठीत ठेवू."

ती चमकली. वहिनी ही हाक तिने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. येता-जाता तो तिच्याशी हवापाण्याचं बोले, तेही दुसरीकडे बघत. भावाशी तर अबोलाच होता. सासरा वारला तो ऐन कापणीच्या दिवसांत. रेमिजो तेव्हा पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये बोगदा खणायच्या कामावर होता. निरोप मिळताच निघाला, पण पोचेपर्यंत पुरणं उरकलं होतं. पाठीवरची पिशवीही न उतरवता त्याने विचारलं, "एक दिवस थांबवलं नाही तुझ्याच्याने?" अन्सेल्मो तोडून बोलणारा. म्हणाला, "ऊन बघतोस ना? बापाला काय सडवायचं होतं?" तेवढ्यावर सगळं संपलं. दोन घरांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत होती. ती ओलांडून भावाभावांत पुढे एकही शब्द गेला नाही.

आता रेमिजो रोज धार काढून झाली की कोठीत जाऊन बसायचा. देल्फिना त्याच्यासाठी मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंता घेऊन जायची, तेव्हा दाराआडून त्याचा आवाज ऐकू यायचा.

"करडी यंदाही गाभण राहिली नाही बघ. आणि लाकूड ओलं निघालं, नुसता धूर..."

एक दिवस तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने भांडं दाणकन खाली ठेवलं. "जिवंत होता तेव्हा भिंतीपलीकडून साधं हूं केलं नाहीस. आता मेलेल्याला गाईंच्या गोष्टी सांगतोस?"

रेमिजोने मान वर केली नाही. "तेव्हा तो उत्तर द्यायचा, वहिनी."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिचा तोल गेला. "अरे, चर्चची घंटासुद्धा वाजली नाही रे त्याच्यासाठी! खाली कुणाला पत्ता नाही. पायाखाली गाव, आणि त्यांच्या लेखी माझा नवरा अजून गवत ओढतोय. कुत्र्यासारखा पडलाय इथे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच काठी घेऊन, पायाला जाळीचे बर्फजोडे बांधून तो तिच्या दारात उभा.

"बर्फ घट्ट आहे. उन्हं चढायच्या आत घळ ओलांडतो."

"वेडा झालास? मी आपलं रागात बोलले."

"घंटा वाजायला पाहिजे, हे खरंच आहे."

ती त्याला ओळखत होती लहानपणापासून. एकाच शाळेच्या बाकावर बसलेली ती दोघं. तो ऐकणार नाही हे तिला कळलं. "मग एक ऐक. आज खालीच राहा. डॉन फेर्मोकडे झोप, पाद्रीबाबा नाही म्हणायचे नाहीत. दुपारनंतर घळीत पाऊल टाकू नकोस. तुझी गुरं मी बघते."

"करडी लाथ मारते, जपून," तो म्हणाला आणि गेला.

दुपारी दरीतून घंटेचे ठोके वर आले. सावकाश, लांब अंतराने, पुरुष माणसासाठी वाजवतात तसे. देल्फिना अंगणात उभी राहिली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. म्हणजे रेमिजो पोचला. म्हणजे गावाला कळलं.

संध्याकाळी ती रेमिजोच्या गोठ्यात धार काढत होती, तेव्हा घळीकडून गडगडाट झाला. खिडकीची तावदानं थरथरली, गाई दाव्यांना ओढ देऊ लागल्या. तिने करडीच्या पाठीवर हात फिरवला. "गप, गप. बरं झालं, तो खाली आहे." रात्री तिला फार दिवसांनी गाढ झोप लागली. त्या झोपेसाठी तिने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

मग बर्फाने पुन्हा झड धरली. रेमिजो आला नाही. आधी तिला वाटलं, शहाणपणाने थांबलाय. मग वाटलं, जरा जास्तच शहाणपणाने. दोन गोठ्यांचं शेण काढता काढता ती त्याला शिव्या घालू लागली. बसला असेल पाद्रीबाबांच्या शेगडीशी, वाइन ढोसत. भावाचं प्रेम चार दिवसांचं! कोठीत जाऊन नवऱ्याला सांगे, "बघ तुझा भाऊ. मला जुंपून बसलाय तिकडे." आणि हे सांगताना रेमिजोसारखंच आपणही मेलेल्याशी बोलतो आहोत, हे तिच्या लक्षात येई.

मार्च सरता सरता फावडी घेऊन माणसं वर आली. सगळ्यांत पुढे मेयर बोर्तोलो. एरवी त्याची लाकडाची वखार होती, मेयरपण उरलेल्या वेळात. टोपी काढून तो म्हणाला, "देल्फिना, उशीर झाला आम्हाला. अन्सेल्मोला न्यायला आठ जण आणलेत. रेमिजो कुठे आहे?"

"तो तुमच्याकडेच आहे ना?"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी फावडं बर्फात टेकवलं.

"तो... त्याच दुपारी परत निघाला," बोर्तोलो म्हणाला. "घंटा झाली, वाटीभर सूप घेतलं आणि उठला. आम्ही सगळ्यांनी धरलं, थांब म्हणून. म्हणाला, दोन गोठे वहिनीला एकटीला झेपायचे नाहीत. आणि दादा तिथे एकटा आहे."

देल्फिना उंबऱ्यावर बसली. तिने आपल्या तळहातांकडे पाहिलं. धारेने, फावड्याने त्यांना भेगा पडल्या होत्या. त्या हातांनी काम करताना किती शिव्या दिल्या त्याला, ती आठवू लागली, आणि आठवायचं थांबेना.

माणसं कोठीकडे निघाली तशी ती उठून आडवी आली.

"अन्सेल्मोला नेऊ नका. दुसरा सापडू दे."

"घळीत घराएवढ्या उंचीचं बर्फ आहे, बाई. महिने लागतील."

"लागू देत."

डॉन फेर्मो स्वतः वर आले, म्हातारे, कण्हत कण्हत. "पोरी, ऊन वाढतंय. देहाची विटंबना होईल."

"मग तुम्ही नाक धरा, बाबा," ती म्हणाली. "मी थांबणार."

एप्रिलभर, मेभर ती उत्तरेच्या कपारीतलं बर्फ पाठीवरच्या टोपलीने आणून कोठीत नवऱ्याभोवती रचत राहिली. बर्फाची कड रोज थोडी मागे सरकायची, टोपली रोज थोडी लांबून आणावी लागायची. शेवटी शेवटी वास येऊ लागला. तिने दाराच्या फटीत गवत कोंबलं आणि पुन्हा टोपली उचलली.

रेमिजो सापडला तो घळीच्या तळाशी, ओढा वाहता झाल्यावर. वाडीच्या बाजूला. म्हणजे घळ त्याने जवळजवळ ओलांडली होती. पिशवीत डॉन फेर्मोंनी तिच्यासाठी दिलेली राय धान्याची भाकरी होती, भिजून लगदा झालेली.

दोघांना एकाच दिवशी पुरलं. विधी झाल्यावर बोर्तोलो तिच्याजवळ आला. गावच्या सभेत ठराव मांडतो म्हणाला. "कातळाला सुरुंग लावू, वरती माती टाकू, सासोलला स्वतःची दफनभूमी करू. पुन्हा असं व्हायला नको."

"कुणासाठी?" देल्फिनाने विचारलं. "वर आता मरायला मीच उरलेय."

बोर्तोलो टोपी हातात फिरवत राहिला. तिला त्याची कीव आली. "तुझा हेतू चांगला आहे," ती म्हणाली, "पण मला जायला हवं. गाईंच्या कासा तुंबल्या असतील."

त्या उन्हाळ्यात तिने दोन्ही कुरणं एकटीने कापली. कापलेलं अर्धं अधिक गवत आणायला माणूस नव्हतं म्हणून उघड्यावर कुजलं. पहिल्या थंडीच्या आधी तिने गुरं खाली हाकली आणि ज्यांना हवी त्यांना विकली. करडीला कुणी घेईना. ती खाटकाकडे गेली. देल्फिना तोरिनोला बहिणीकडे राहायला गेली आणि सूतगिरणीत लागली. तिथल्या बायका सांगतात, ती कामाला चोख होती, बोलायची कमी. एक खोड मात्र होती: संध्याकाळी कुणी उशिरा घरी जायला निघालं की ती हात धरून अडवायची, आणि सोडता सोडायची नाही.