परीक्षेपुरते डोळे

काकू पिशवी ओट्यावर उलटी करतात. टोमॅटो घरंगळतात. "एक तरी पिकलेला आणायचा होता. त्यापेक्षा दगड बरे."

*

गुलाबी हा तांबड्याचा धाकटा भाऊ. निदान पुस्तकांत तरी.

*

नियम: मदतनीसाने दिसेल तेवढेच सांगावे. अर्थ सांगू नये.

*

एका माणसाच्या मोज्यांची जोडी लग्न झाल्यापासून त्याची बायको जुळवून ठेवते. ती माहेरी गेली की तो चपला घालून हिंडतो.

*

आता सलग सांगायला हवं.

ती रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जन्मापासून तिला दिसत नाही. काका तिचे मदतनीस. त्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. निवृत्त झाल्यापासून ते न दिसणाऱ्या मुलांचे पेपर लिहून देतात. मदतनीसाला विषय येता कामा नये, अशी अट असते आणि काकांना एकही विषय येत नाही, हे ते अभिमानाने सांगतात. "लेखक काय म्हणतोय इकडे लक्ष गेलं की चूक निसटते. मी फक्त अक्षरं बघतो."

प्रयोगशाळेत मात्र ते यंदा पहिल्यांदाच आले. काम सोपं. फ्लास्कमध्ये आम्ल, त्यात दर्शक नावाच्या द्रावणाचे दोन थेंब. वरून ती सिरिंजने अल्क सोडते. सिरिंजच्या दांड्याला तिने स्वतः खाचा पाडल्यात, त्यामुळे किती सोडलं ते अंगठ्याला कळतं. पुरेसं अल्क पडलं की पाण्यासारखं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि त्या क्षणी थांबायचं. तेवढा क्षण काकांचा. ते "बदलला" म्हणतात, ती थांबते.

थांबते, आणि तरी चुकते. सराव चाचणी झाली, परत झाली. दर वेळी विभागप्रमुख सर टेबलापलीकडून येऊन फ्लास्क उचलायचे, आणि आत गडद गुलाबी.

"फार पुढे गेलीस. हात जरा आवर."

सर वाईट नव्हते. म्हणून तर पंचाईत.

"सूट घे ना," ते म्हणाले. "नियमात बसतं. लेखी परीक्षेवरून प्रात्यक्षिकाचे गुण देऊन टाकू."

"आणि एम.एस्सी.ला?"

"तिथे प्रयोगशाळेत केलेलं काम बघतात."

"मग ही सूट मला कशातून मिळतेय, सर?"

सर चष्मा पुसायला लागले. शेवटी ठरलं: शुक्रवारी आणखी एक चाचणी. ती फसली तर सूट.

सगळ्यांनी तिचा हात तपासला. अंगठा, खाचा, टेबलाची उंची. तिनेही तोच तपासला. डोळे कुणी तपासले नाहीत. डोळस माणसाचे डोळे कोण कशाला तपासेल?

*

कँटीन. दोन चहा. एकात साखर नाही.

"काका, मला एक कळत नाही. हात चुकला तर कधी जास्त चुकेल, कधी कमी. माझी चूक दर वेळी तेवढीच येते. इतका शिस्तीचा वेंधळेपणा कुणाचा असतो?"

"तुझा असेल. तू शिस्तीचीच आहेस."

"आंधळं दळतंय, ठीक आहे. पण पीठ कोण खातंय?"

"माझ्याकडे बघून बोलू नकोस."

"मी कुणाकडेच बघून बोलत नाही. बरं, मला सांगा, गुलाबी कसा असतो?"

"आता तुला काय सांगू? गुलाबी म्हणजे… गुलाबी."

"टेबलावर मी कधी विचारलं नाही, तिथे मनाई आहे. इथे नाही. तुम्हाला जसा दिसतो तसा सांगा."

काकांनी चहा फुंकला. "आधी पाण्यासारखं असतं. मग थोडं मळतं. धुराचा हात फिरल्यासारखं. करडं म्हण. मळ पुरेसा साठला की मी म्हणतो, बदलला."

रंग तिने कधी पाहिले नव्हते. वाचले मात्र होते, भरपूर. जांभळ्याला कोणी करुण म्हटलेलं, पिवळ्याला कोणी भांडखोर. गुलाबीला तांबड्याचं पाणी, लाज, गाल, काय काय. करडा कोणीच म्हटलेला नव्हता. एकानेही नाही.

"काका, काकूंना फोन लावता?"

"आता तिला कशाला?"

तिने फोन हातात घेतला. "काकू, यांना पिकलेला टोमॅटो ओळखता येतो का हो?"

पलीकडे काकूंनी कुकर बंद केला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "मी इतकी वर्षं आळशी समजत होते."

काकांनी फोन परत घेतला, बंद केला, खिशात ठेवला, परत काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आंधळ्याची माळच झाली की आपली."

"निळा दिसतो?"

"न दिसायला काय झालं?"

"पांढऱ्यावर काळं?"

"त्यावर तर पोट भरलं माझं."

"मग तुमच्यात तांबड्या-गुलाबीपुरतं एवढंसंच बिघडलंय," ती म्हणाली. आवाजात कीव नव्हती. नवं यंत्र उघडून बघणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

*

शुक्रवार.

"काकांना गुलाबी दिसत नसेल, तर मग मदतनीस बदलू," सर म्हणाले.

"नव्या माणसाशी परीक्षेपर्यंत मेळ बसणार नाही, सर. माझा अंगठा काकांच्या आवाजावर थांबतो. तुम्ही बाटली बदला. निळा होणारा दर्शक असतो ना?"

"असतो. पण सोय विद्यार्थ्याच्या अडचणीसाठी देतात. मदतनीसाच्या अडचणीसाठी द्यायचा नियम नाही."

"परीक्षेपुरते काकाच माझे डोळे. अडचण माझ्या डोळ्यांत आहे, असं लिहा. त्यात खोटं काय?"

"आधीच लिहिलेलं आहे ते," काका म्हणाले. "दुसऱ्यांदा लिहाल तर मी पुनरुक्ती म्हणून खोडेन."

सर उठले. कपाटाचं दार वाजलं, बाटल्या एकमेकींना लागल्या, एक टेबलावर आली. आज सर टेबलापलीकडे गेले नाहीत. तिच्या खांद्याशीच उभे राहिले. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

अंगठा खाचेवरून खाचेवर. थेंब. थेंब. थेंब.

"बदलला."

ती थांबली.

सरांनी फ्लास्क उचलला. त्यांची पावलं खिडकीशी गेली, आणि तिथेच राहिली.

"कसा आहे, सर?"

"निळा. इतका फिकट, की आहे का नाही असं वाटावं."

"आहे," काका म्हणाले. "चांगला ठसठशीत आहे. तुम्हाला चष्मा बदलायला हवा."

एम.एस्सी.च्या प्रवेशाचा अर्ज तिने पहिली चाचणी फसली त्याच दुपारी भरला होता.