घोगऱ्या शिट्टीची भीती

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. दाराच्या आतल्या बाजूला, छत्रीच्या शेजारी, एका खिळ्याला मी टांगलेली असते. माझ्या कडेला एक पोचा आहे, गळ्यात दोरी आहे आणि पोटात बुचाची एवढीशी गोळी आहे. तुम्ही म्हणाल, शिट्टीला कसली आली आहे भीती? ती तर जन्मभर दुसऱ्यांना दचकवते! पण खरं सांगते, मी भित्री आहे. जन्मले तेव्हापासूनच भित्री आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या छोट्या कारखान्यात झाला. तिथला कारागीर पितळी पत्र्याचे दोन भाग डाख देऊन जोडायचा, वरच्या फटीतून बुचाची गोळी दाबून आत सोडायचा आणि मग प्रत्येक शिट्टी स्वतः फुंकून बघायचा. त्याची बायको शेजारी बसून खोक्यांत शिट्ट्या भरायची. तिच्या कानांत कापसाचे बोळे असायचे.

"अहो, एखादी न वाजवता द्या की! कान किटले माझे," ती म्हणायची.

"न वाजलेली शिट्टी म्हणजे नुसता पत्रा. पत्रा विकायला मी काय भंगारवाला आहे?"

जी वाजायची नाही ती मागच्या पिंपात जायची. ठण्ण! एवढाच तिचा आयुष्यातला आवाज. माझी पाळी येईपर्यंत तो ठण्ण आवाज मी किती वेळा ऐकला! त्याने मला ओठांना लावलं तेव्हा माझी गोळी फुंकर येण्याआधीच थरथरत होती. मी वाजले. पण मुकं होण्याची ती भीती माझ्या पोटात कायमची राहिली.

मग मी एका शाळेत आले. तिथे मुलांना खेळ शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या गळ्यात मी राहू लागले. खेळाच्या खोलीत चेंडूंच्या कातड्याचा, घामट गाद्यांचा आणि मैदान आखायच्या फक्कीचा मिळून एक वास असे. बाई सकाळी कुलूप उघडायच्या आणि त्या रिकाम्या खोलीत मला एकदा वाजवायच्या. का, ते मला कळायचं नाही. मग मैदानावर जाऊन त्या पुन्हा मला फुंकायच्या आणि रांगेतली पोरं बाण सुटावा तशी सुटायची. किती छान दिवस होते ते! आता त्यातली कितीतरी पोरं आजोबा-आजी झाली असतील.

एकदा गोळाफेकीचा गोळा एका मुलीच्या हातून निसटला आणि बाकावर ठेवलेल्या मला चाटून गेला. माझ्या कडेला पोचा पडला. तेव्हापासून माझा आवाज घोगरा झाला. दुसरे मास्तर म्हणाले, "अहो बाई, टाका ती. नवी घ्या."

"राहू द्या हो. सर्दी झालीय तिला," बाई म्हणाल्या.

माझं नाव घोगरी पडलं ते तेव्हापासून.

बाई निवृत्त झाल्या आणि मी एका खणात जाऊन पडले. सोबतीला तुटकी बटणं आणि एक मेलेली बॅटरी. अंधारात गोळी हलत नाही. मला सारखं ते पिंप आठवायचं.

बाईंची एक भाची होती. आई लहानपणीच गेल्यामुळे ती मावशीकडेच वाढली होती. ती एका जागी कधी बसायचीच नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. मोठी झाल्यावर ती लिफ्ट दुरुस्त करायला शिकली, आणि स्वतः मात्र सगळीकडे जिन्यानं जायची.

"लिफ्टवाल्यांनी बघितलं तर कामावरून काढतील तुला!" मावशी म्हणायच्या.

पण ते जिने चढणं उगाच नव्हतं. भिंगरीला डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावायचं होतं. पहाटे सुरू होऊन दिवस कलेपर्यंत चालणारी शर्यत. चढ, उतार, ओढे, निसरडे दगड, आणि वर एक अरुंद धार, जिच्या दोन्ही बाजूंना दरी. त्यासाठी ती पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उंच इमारतीचे जिने चढायची-उतरायची. सुट्टीच्या दिवशी टेकडीवर धावायची. तिच्या पायांच्या नखांचा रंग जांभळा झाला होता. मावशी तिच्या टाचांना तेल चोळत म्हणायच्या, "हे पाय आहेत का नांगर?"

त्या शर्यतीचा एक नियम होता: प्रत्येकाजवळ शिट्टी हवीच. धावताना कुणी पडलं, हरवलं, तर त्यानं ती वाजवायची. मावशींनी खण उघडला. मला राखेनं घासून लख्ख केलं आणि नवी दोरी घातली.

"ही घे. आणि घरातून निघताना एकदा वाजवून बघत जा."

"शेजारी मारतील मला, मावशी."

"मारू देत. न वाजवता शिट्टी गळ्यात घालू नये."

मी खणातून बाहेर आले म्हणून आनंदले. पण त्याच रात्री माझ्या लक्षात आलं, की शाळेत मी खेळ सुरू करण्यासाठी वाजत होते. आता माझी पोर संकटात सापडली तरच मी वाजणार होते. न वाजावं हीच प्रार्थना करायची, आणि वाजता यावं म्हणून तयारही राहायचं. तेव्हापासून मला सुखाची झोप नाही.

सराव करताना भिंगरी मला पाठपिशवीच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधायची. ती धावायची आणि प्रत्येक पावलाला माझी गोळी वाजायची, टिक टिक, टिक टिक. पहिल्या टेकडीपर्यंत तिला काही वाटायचं नाही. पण तासन् तास तेच ऐकून ती कावून गेली. तिच्याबरोबर सराव करणारा एक उंच तरुण होता. त्याला सगळे लांबटांग्या म्हणत.

"डोक्यात कुणी खिळा ठोकतंय असं वाटतं रे," भिंगरी त्याला म्हणाली.

"मग तोंड बंद कर ना तिचं! पायाला लावायची चिकटपट्टी आहे ना तुझ्याकडे? तिचा बोळा कर आणि कोंब आत. तपासणीला शिट्टी आहे की नाही एवढंच बघतात. वाजवून कोण बघतंय?"

धावणाऱ्यांच्या पायांना फोड येऊ नयेत म्हणून ती पट्टी असते. भिंगरीनं तिचा एक तुकडा गुंडाळला आणि नखानं दाबून माझ्या फटीत बसवला. गोळी जागच्या जागी थांबली. "हुश्श!" ती म्हणाली आणि हसली.

माझा श्वास अडकला. मला ओरडायचं होतं. पण ओरडणार कशी?

शर्यतीच्या दिवशी मावशी आदल्या गाडीनंच पुढे गेल्या होत्या. धार संपते तिथे धावणाऱ्यांना पाणी द्यायची चौकी होती, तिथे त्या मदतीला होत्या. गुडघा दुखावल्यामुळे लांबटांग्या या वेळी धावत नव्हता. तो आणि त्याचा एक सोबती सगळ्यांच्या मागून चालत येणार होते, कुणी मागे राहिलं का ते बघायला. वाट दाखवण्यासाठी लावलेले छोटे लाल झेंडेही तेच काढून आणणार होते.

तपासणीच्या टेबलावर एका माणसानं पिशवी चाचपली. "पाणी? चादर? शिट्टी? आहे. चला पुढे." त्यानं मला बोटानं नुसता स्पर्श केला. फुंका हो, मी मनात म्हणत होते, एकदाच फुंका!

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. धार सुरू झाली आणि खालच्या दरीतून ढग वर आले. बघता बघता समोरचं माणूस दिसेनासं झालं. पुढचा झेंडा दिसेना. भिंगरीचं हृदय माझ्या पाठीमागेच धडधडत होतं. तिला एक पाऊलवाट दिसली आणि ती तिकडे वळली. ती माणसांची वाट नव्हती, शेळ्यांची होती. थोडं पुढे जाताच पायाखालचे दगड सुटले.

आम्ही घसरत गेलो. झुडपं, माती, आभाळ, पुन्हा झुडपं. कुठेतरी मोबाइल दगडावर आपटून खाली गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग एका अरुंद कपारीवर भिंगरी अडकली. तिचा एक पाय घोट्यापाशी भलत्याच दिशेला वळला होता. तिच्या पायांच्या पुढे काहीच नव्हतं, नुसतं पांढरं धुकं.

"मावशी गं," ती हळूच म्हणाली. लहान मुलासारखी.

घामानं भिजलेला सदरा गार पडू लागला. तिनं पिशवीतली पातळ चकचकीत चादर काढून अंगाला गुंडाळली. वाऱ्यानं चादर चुरचुरत होती. तेवढ्यात वरून पावलं ऐकू आली, आणि मग बोलणं.

"मागे कोणी राहिलं नाही ना रे?"

"कोण राहतंय! सगळे गेले पुढे. तू झेंडे काढ पटपट, बोटं गोठलीत माझी."

लांबटांग्याचा आवाज! भिंगरी किंचाळली. पण वारा खालून वर नव्हता, वरून खाली होता. त्यांचं बोलणं आमच्यापर्यंत येत होतं, तिची हाक मात्र धुक्यातच विरत होती. तिनं मला पकडलं, ओठांना लावलं आणि सगळा जीव ओतून फुंकलं.

फुस्स.

पुन्हा फुंकलं. फुस्स.

मित्रांनो, त्या क्षणी मला पिंपातला तो ठण्ण आवाज स्पष्ट ऐकू आला. वर एकेक झेंडा उपटला जात होता. पावलं दूर गेली. आता तिथे वाट होती हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

भिंगरी रडली. मग रडायचं थांबून तिनं फटीत नख घातलं. पण बोटं बधिर झाली होती आणि घामानं पट्टी आत चिकटून बसली होती. दातांनी ओढून झालं, काडीनं टोकरून झालं, काडी मोडली. ती छातीशी मला धरून बसली, तेव्हा तिच्या हाताला काहीतरी टोचलं. छातीवरचा क्रमांकाचा कागद सेफ्टी पिनांनी लावलेला होता!

एक पिन काढताना तिच्या हातून सुटली आणि खाली धुक्यात गेली. दुसरी तिनं दातांत धरली, मग दोन्ही मुठींत. ती पिन माझ्या फटीत घुसली, माझ्या पितळेवर ओरखडे पडले. दुखलं, पण मला वाटत होतं, अजून खोल जा, अजून खोल! शेवटी तो चिकट बोळा धाग्याधाग्यानं बाहेर आला आणि माझी गोळी हलली.

तिनं फुंकलं. मी वाजले! चिरकी, घोगरी, ओली, पण वाजले. ती फुंकायची, दम घ्यायची, पुन्हा फुंकायची. हळूहळू तिची फुंकर बारीक होत चालली. दोन फुंकरींमधली शांतता लांबत गेली. कुणी येत नव्हतं. मला आता माझ्या मुकेपणाची भीती नव्हती. तिचे ओठ थांबतील की काय, ही भीती होती.

पुढचं मला नंतर कळलं. लांबटांग्या चौकीवर पोचला आणि म्हणाला, "मावशी, आवरा. मागे कोणी नाही."

"कोणी नाही कसं? भिंगरी अजून आली नाही."

"गेली असेल पुढे. धुक्यात दिसली नसेल तुम्हाला."

"मी माझ्या पोरीला पाणी न देता जाऊ देईन होय रे? गप्प! काहीतरी वाजतंय."

"पक्षी असेल, मावशी."

"पक्ष्याला सर्दी होते का? ही माझी घोगरी आहे!"

आणि त्या म्हाताऱ्या बाई, गुडघे धरून, धुक्यात चालायला लागल्या. दोघे दोर घेऊन त्यांच्या मागून धावले. प्रत्येक वळणावर मावशी हात वर करून त्यांना थांबवायच्या, ऐकायच्या आणि मग बोट दाखवायच्या.

आम्हाला वर काढलं तेव्हा भिंगरीच्या दातांतून मला सोडवावं लागलं, इतकी ती मला चावून धरून होती. लांबटांग्यानं माझ्या फटीत अडकलेला पट्टीचा धागा पाहिला आणि मान खाली घातली. मावशी त्याला एवढंच म्हणाल्या, "पाय लांब आहेत रे तुझे, कान मात्र आखूड राहिले."

भिंगरीचा पाय बरा व्हायला फार दिवस लागले. आता ती पुन्हा सराव करते. निघताना बूट घालून दारात उभी राहते आणि मला एकदा वाजवते. शेजारचे काका करवादतात, "झाली का यांची परेड सुरू!" आणि स्वयंपाकघरातून मावशी म्हणतात, "ऐकलं गं. जा."

मित्रांनो, जिच्यावर जीव टांगायचा ती वस्तू छोटी असली तरी तिला जपा. तिची कटकट वाटली म्हणून तिचं तोंड बंद करू नका. दाराबाहेर पडण्याआधी ती वाजते का बघा, आणि घरात कुणी ऐकतंय का, तेही बघा.

कारण माझी भीती अजून संपलेली नाही. मावशींना हल्ली कमी ऐकू येतं. परवा भिंगरीनं मला वाजवलं आणि आतून उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा वाजवलं. काहीच नाही. भिंगरी बुटांसकट आत धावली. मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून, नळ सोडून भांडी विसळत होत्या.

भिंगरीनं नळ बंद केला. मावशींचा ओला हात हातात घेतला, त्यांच्या तळव्यावर मला ठेवलं, वाकली आणि हळूच फुंकलं. माझी गोळी त्या सुरकुतलेल्या तळव्यावर थरथरली.

मावशींनी क्षणभर डोळे मिटले.

"ऐकलं गं," त्या म्हणाल्या. "जा."

भिंगरी जिना उतरू लागली. प्रत्येक पायरीला माझी गोळी वाजत होती, टिक टिक, टिक टिक. आता तिला कुणी गप्प करत नाही.