बियाण्याखालचा डबा

तनुजानं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हात घातला तो थंड फडक्यासाठी. चिऊ पाच महिन्यांची. दूध साचून छाती दगडासारखी झाली, की ती ओलं फडकं घडी घालून तिथं ठेवी आणि दुपारी दाराआड बसून लावी. आज फडकं मागं सरकलं होतं. ते ओढताना भेंडीच्या बियाण्याची पिशवी घसरली. सासऱ्यांच्या बियाण्याला घरात कुणी हात लावत नसे. पिशवीखाली औषधाचा पांढरा डबा होता. वरची चिकटपट्टी तशीच, न फाडलेली.

तिनं बोटांवर मोजलं. टोचायच्या तारखेला तेरा दिवस उलटले होते. दर तीन महिन्यांनी नांदेडहून बर्फात घालून आणायचं आणि भोकरला टोचून घ्यायचं, असं ते इंजेक्शन. त्या दिवशी तिचा नवरा सुदाम वडलांना दवाखान्याच्या दारात सोडून शाळेवर गेला होता, आणि सासऱ्यांनी, ग्यानोबांनी, घरी येऊन पोटावर चिकटवलेला कापूससुद्धा दाखवला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं: प्रोस्टेटचा हा कॅन्सर पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो, इंजेक्शन ती रसद तोडतं. खाडा झाला तर तो हाडात उतरेल.

सासूबाई, रुक्मिणबाई, शेतात गेल्या होत्या. ग्यानोबा ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. एवढ्या उकाड्यात अंगात बंडी, वरून उपरणं. आखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सणापासून ते अंघोळही बंडीवरच करत. म्हातारपणी लाज उगवली म्हणून रुक्मिणबाई हसायच्या.

चिऊनं खेळता खेळता डोकं त्यांच्या छातीवर आपटलं. ग्यानोबांचा श्वास अडकला. त्यांनी पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि कोपर आडवं धरलं. तसं कोपर तनुजा रोज धरायची.

सासऱ्यांशी तिचं बोलणं ताट वाढण्यापुरतं. पदर सावरून ती पुढं झाली. एका हातात डबा, दुसऱ्यात फडकं.

“मामा, हे बियाण्याखाली गावलं.”

ग्यानोबांनी आधी रस्त्याकडं पाहिलं. मग डब्याकडं. कपाळावर घाम फुटला होता, तो त्यांनी उपरण्यानं पुसला.

“सोमवार होऊ दे. मंगळवारी घेतो टोचून. म्हणून तर थंडाव्यात ठिवलं.”

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी महादेवाच्या पिंडीवर पहिली घागर याच घरची. ती ग्यानोबांनी ओतायची, उघड्या अंगानं, साऱ्या गावासमोर. तनुजाला एकदम सगळं उमगलं: इंजेक्शनानं मामांची छाती बाईसारखी भरून आली होती.

“पाणी तोडलं की पीक वाळतंय,” ते खालच्या मानेनं म्हणाले. “म्हणलं, इंजेक्शन तोडलं की हे बी वाळंल.”

“हे एवढ्यात न्हाई वाळत, मामा. आतलं मातर वाढतंय.”

चिऊ उपरण्याचं टोक चोखत होती. तनुजानं फडकं त्यांच्या शेजारी ठेवलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“हे लावा. ठणका कमी होतोय. मला बी होतोय.”

“तुला बी?”

“हाव.”

बराच वेळ त्यांनी फडक्याला हात लावला नाही. मग उचललं, आणि बंडीच्या आत सरकवलं. डोळे मिटले.

“किती दिस ऱ्हातंय हे?”

“म्हाईत न्हाई. डॉक्टरला इचारू. तुमी सांगितलं तर त्यावर बी काही औषध असंल.”

“मी न्हाई सांगणार.”

“मी सांगते.”

ग्यानोबांनी डोळे उघडले. सुनेकडं न बघता, फाटकाकडं तोंड करून म्हणाले, “रिक्षा बोलाव.”

भोकरच्या दवाखान्यात नर्सनं तारीख पाहून दोघांनाही झाडलं. चिऊला कडेवर घेऊन तनुजानं ते ऐकून घेतलं. इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. किती बिघडलं ते कळायला आठवडा लागणार होता. छातीचं तिनं सांगितलं, तेव्हा ग्यानोबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणातल्या दगडापाशी आले. बंडीच्या नाडीवर बोटं थांबली. मग त्यांनी बंडी उतरवली, खुंटीला अडकवली आणि दगडावर बसले.

रुक्मिणबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, मग ओसरीवरच्या सुनेकडं. तनुजा पाठ वळवून चिऊला पाजू लागली.

“सोमवारचं धोतर धुऊन ठिव,” ग्यानोबा म्हणाले.

रुक्मिणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाणी हातावर घेऊन पाहिलं, थोडं गार मिसळलं, आणि धार छातीवर पडू नये अशी मागून, खांद्यावरून, सावकाश ओतू लागल्या.