दुसऱ्याच्या घरातला चिमटा

बाबा नोव्हेंबरात गेले. त्या नाताळात आमच्या चुलीवरच्या फळीला हॉलीची हिरवी काटेरी फांदी लागली नाही. दुखवट्याच्या घरात सजावट करत नाहीत. चिनी मातीचे दोन कुत्रे तेवढे फळीच्या दोन टोकांना बसून होते. केकही घरी भाजायचा नसतो, म्हणून शेजारणींनी आणून दिले. एकटीला संपणार नाहीत इतके.

चूल मात्र पेटती होती. आजीच्या वेळेपासून ती विझलेली नाही, असं बाबा अभिमानाने सांगायचे. झोपण्याआधी निखारे राखेत पुरायचे, सकाळी राख सारून वर पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचे तुकडे, रचायचं. ते काम आता माझ्याकडे आलं होतं. पण नाताळ संपला की मला डब्लिनला नोकरीवर परतायचं होतं. घर बंद झालं की चूलही विझणार होती.

जायच्या आदल्या दुपारी शेजारचे बार्टली आले. बाबा असताना यायचे तसेच, दार न वाजवता.

"चूल आहे की मासे धुरावतेस, सोरखा?" डोळे चोळत ते म्हणाले. "तुझा बाप फेस्टी असता तर घराबाहेर काढलं असतं तुला."

"मग करा ना तुम्ही नीट." मी चिमटा पुढे केला.

त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. "दुसऱ्याच्या घरातला चिमटा धरू नये, पोरी. तुझा बाप खुर्चीत घोरत असायचा, विस्तव मरायला टेकलेला असायचा, तरी मी धरला नाही. त्याला लाथ मारून उठवायचो."

"उद्यापासून लाथ मारायलाही कोणी नसेल इथे."

त्यांची नजर चुलीकडे गेली.

"डेलिया गेल्यापासून मी विजेवर शेकतो," बायकोचं नाव घेऊन ते म्हणाले. "राख काढायला नको."

"बरा आहे का हीटर?"

"तुझ्या बापापेक्षा बरा. उलट बोलत नाही."

आणि उठून निघून गेले. मला वाटलं, रागावले. पण थोड्या वेळाने झाकणाची लोखंडी बादली घेऊन ते परत आले आणि आज पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर थांबले.

"विस्तव मागायला आलोय. तुझ्या हातानं घाल."

मी निखारे एकेक करून बादलीत ठेवले. वाऱ्यात दोघं शेत ओलांडून गेलो. त्यांची चूल आधीच झाडलेली होती, पीट रचून तयार होतं. डेलियाचा पितळी चिमटा, फावडी, कुंचा, सगळं घासून पुसून टांगलेलं होतं. त्यांच्याही फळीवर हॉली नव्हती.

पीटने लवकर पेट घेतला. बाबांचा विस्तव होता, तसाच वास, तसाच आवाज. एक तुकडा कलला. माझा हात आपसूक चिमट्याकडे गेला, आणि मध्येच थांबला. मी तो परत मांडीवर ठेवला.

बार्टलींनी पाहिलं. चिमटा उचलून त्यांनी तो तुकडा उभा केला. बाबा डावीकडे करायचे, त्यांनी उजवीकडे केला.

"चहा घेशील ना?" त्यांनी विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं.